तीन नॅनोमीटरमध्ये तीन नॅनोमीटर काहीच नसतं

परवा जुना लॅपटॉप उघडला, फॅन फारच बोंबलत होता म्हणून. आत पाहिलं तर धूळ, तांब्याची चपटी नळी, वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट, आणि या सगळ्या लवाजम्याखाली नखाएवढी चिप! म्हणजे एवढासा तुकडा चालवायचा आणि त्याला गार ठेवायलाच निम्मी जागा द्यायची.

चिपचं पुढे काय होणार म्हटलं की सगळे नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) मोजायला लागतात. पण ३ नॅनोमीटर हे चिप बनवायच्या पद्धतीचं, म्हणजे प्रोसेसचं, नुसतं नाव आहे हो, त्या चिपमधल्या दोन गेटमधलं (ट्रान्झिस्टर नावाच्या बारीक स्विचच्या कळींमधलं) अंतरच ४५-५० नॅनोमीटर असतं. इंटेलचा सहसंस्थापक गॉर्डन मूर याने १९६५ मध्ये चिपवरचे ट्रान्झिस्टर दरवर्षी दुप्पट होतील म्हटलं, १९७५ मध्ये स्वतःच ते दोन वर्षांवर आणलं, आणि ट्रान्झिस्टर तसे वाढलेही, १९७१ च्या इंटेल ४००४ मध्ये २,३०० होते, २०२० च्या अॅपल एम१ मध्ये १,६०० कोटी. खरी गंमत वेगळीच होती, ट्रान्झिस्टर लहान केला की वीजही त्या मानाने कमी लागायची. ते २००५ च्या आसपास संपलं, करंट गळायला लागला, आणि तेव्हापासून गिगाहर्ट्झचा आकडा, म्हणजे चिपचा क्लॉक (वेग), रखडत रखडतच चाललाय.

त्यात आता मेमरी पण अडून बसलीय. चिप बनवणाऱ्या टीएसएमसीच्या ५ नॅनोमीटरमध्ये एसरॅमचा (चिपमधल्याच वेगवान मेमरीचा) एक सेल ०.०२१ चौरस मायक्रॉनचा, आणि ३ नॅनोमीटरच्या एन३ई प्रकारातही तेवढाच! मग महागड्या प्रोसेसवर कॅशे, म्हणजे ही एसरॅमची मेमरी, कशाला छापायची, ती जुन्या प्रोसेसवर वेगळी बनवून चिकटवा की. एएमडीने २०२२ मध्ये ५८००एक्स३डी या प्रोसेसरला कॅशे अशीच वेगळी बनवून चिकटवली (प्रोसेस मात्र तेव्हा दोन्हींची ७ नॅनोमीटरचीच), कोअर्सच्या, म्हणजे आकडेमोड करणाऱ्या भागांच्या, चिपलेटवर (छोट्या चिपवर) तिचा थर चढवला. गेम्स भन्नाट पळाले, पण वर पांघरूण पडल्यावर उष्णता जाणार कुठून, म्हणून क्लॉक साध्या ५८००एक्सपेक्षा कमी ठेवावा लागला. २०२४ च्या ९८००एक्स३डी मध्ये त्यांनी थर उलटे केले, कॅशे खाली, कोअर्स वर, थेट कूलरच्या बाजूला. क्लॉक वाढला, ओव्हरक्लॉकिंगही (ठरलेल्यापेक्षा जास्त क्लॉकवर पळवणं) खुलं झालं.

मला तर पुढची दहा वर्षं अशीच दिसतायत, काय कशावर ठेवायचं आणि उष्णता कुठून बाहेर काढायची यातच डोकी खर्ची पडणार. माझ्या लॅपटॉपला नवीन पेस्ट लावली, फॅन गप्प आहे सध्या, एक स्क्रू मात्र उरलाय.