आचाऱ्याचा आचार्य झाला

दिवाळी अंकाला कथा द्यायची तर मे-जूनमध्येच पाठवावी; गणपतीत जाग आली तर ती पुढच्या वर्षाची समजा. मी जूनमध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइल-संगणकावर सगळीकडे वाचता येणाऱ्या देवनागरीत, अडीच हजार शब्द ईमेल केले, ‘साभार परत’ न येता चक्क होकार आला.

घोडं अडलं फॉन्टवर. अंकाची मांडणी पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये. त्याची शेवटची आवृत्ती २००१ची, युनिकोड त्याला कळत नाही. मग मजकूर कन्व्हर्टरमधून जुन्या फॉन्टमध्ये फिरवतात, आणि त्यात बळी जातो तो ‘ऱ्या’तला अर्धा र. माझ्या कथेत लग्नघरचा आचारी आहे. प्रूफ आलं तर ‘आचार्याने भात उपसला’! दऱ्यांचा दर्या झालेला, कऱ्हाडचं कर्हाड. फोन केला तर म्हणे, “कन्व्हर्टरच तसा आहे हो, तुम्हीच बघून द्या. दोन दिवसांत.”

होतं असं की हा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात र, हलन्त, न दिसणारा जोडक आणि य. फिरवताना जोडक गळला की उरतो रफार. दुसऱ्यात टिंबवाला ऱ, हलन्त, य. इथे गळायला जोडकच नाही. आपला कीबोर्ड काय घालतो ते बॅकस्पेसने कळतं: ‘ऱ्य’ मागून खोडत या, शेवटी टिंबवाला ऱ उरला तर ठीक. तरी कन्व्हर्टरला तो ओळखता यायला हवा, म्हणून ‘वाऱ्यावर, पायऱ्या, गुऱ्हाळ’ एवढी एक ओळ आधी पाठवून प्रूफ मागवा. मला हे उशिरा सुचलं.

प्रूफमध्ये ‘र्य’ आणि ‘र्ह’ शोधा, पण एकेक डोळ्यांनी बघून. सगळे एका फटक्यात बदललेत तर कार्याचं काऱ्य होईल.

हो, वर्ड फाइलबरोबर पीडीएफही जोडा. मुद्रितशोधकाला ताडून बघायला मूळ रूप लागतं. आणि शब्दमर्यादा विचारण्याआधी ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयासारख्या जुन्या वाचनालयात, ते १८९३चं आहे, त्या अंकाची मागची दोन-तीन वर्षं चाळायला मिळतात का बघा. कथा किती पानांच्या घेतात ते तिथेच कळतं. मानधनासाठी बँकेचा तपशील होकारानंतरच द्यायचा, आधी नाही.

अंक हातात आला. सतरा ठिकाणी दुरुस्त्या झाल्या होत्या, एक राहिली. वरणात मीठ जास्त पडल्याबद्दल वरमाय शिव्या देते ती अजून आचार्यालाच.