धुक्याने राखलेला संसार

काझुओ इशिगुरो यांच्या ‘द बरीड जायंट’ या २०१५ साली प्रकाशित झालेल्या कादंबरीत ड्रॅगन आहे, राक्षस आहेत, मर्लिन या जादूगाराची जादूही आहे. पण तिचा सगळा भार ॲक्सल आणि बिॲट्रिस या वृद्ध जोडप्याने उचलला आहे. काळ इंग्लंडच्या दंतकथांतला राजा आर्थर याच्या मृत्यूनंतरचा. ब्रिटन आणि सॅक्सन या दोन्ही जमातींचे लोक शेजारी शेजारी शांततेने नांदत आहेत, कारण क्वेरिग या मादी ड्रॅगनच्या श्वासातून पसरलेल्या धुक्याने सर्वांचीच स्मृती पुसट केली आहे. ज्याचा चेहराही धड आठवत नाही, अशा मुलाला भेटायला हे दोघे घर सोडून निघतात.

वाटेत त्यांना एका नावाड्याची कहाणी कळते. पलीकडच्या बेटावर जाणारा प्रत्येक जण तिथे एकटाच वावरतो. ज्यांचे प्रेम असामान्य आहे, अशा मोजक्या जोडप्यांनाच सोबत राहता येते, आणि ते ठरवण्यासाठी नावाडी दोघांना वेगवेगळे बोलावून त्यांच्या सर्वांत मोलाच्या आठवणी विचारतो. हे ऐकल्यापासून बिॲट्रिसच्या जिवाला घोर लागतो. आठवणीच उरल्या नाहीत, तर एकमेकांवर जीव आहे हे दाखवायचे कशाच्या आधारावर? तिच्या कुशीत दुखते आहे, ती ते शक्यतो लपवते, आणि चालताना ‘आहात ना मागे?’ असे पुन्हा पुन्हा विचारत राहते. म्हातारपणातल्या सहवासाचे इतके नेमके चित्रण मी क्वचितच वाचले आहे.

क्वेरिगला मारायला निघालेला सॅक्सन योद्धा विस्टन आणि तिचे गुपचूप रक्षण करणारा थकलेला सरदार गवेन यांचा भाग मला थोडा लांबलेला वाटला. मात्र त्यातूनच उलगडते, की आर्थरच्या माणसांनी केलेल्या सॅक्सनांच्या कत्तलीची आठवण बुजवण्यासाठीच ते धुके निर्माण केले गेले होते. वाचक या पुस्तकाला फॅन्टसी म्हणतील काय, अशी शंका इशिगुरो यांनी बोलून दाखवली आणि फॅन्टसी लेखिका उर्सुला ले ग्विन यांनी, फॅन्टसी म्हणवून घेण्यात कमीपणा कसला, अशी त्यावर नाराजी व्यक्त केली. मला ले ग्विन यांचे म्हणणे पटते. ड्रॅगनशिवाय विस्मृतीचा हा प्रश्न इतक्या थेटपणे मांडताच आला नसता.

(शेवट आधी कळू नये असे वाटणाऱ्यांनी इथे थांबावे.) धुके विरल्यावर समजते, की बिॲट्रिसचे पाऊल कधीकाळी घसरले होते, मुलगा घर सोडून गेला आणि साथीत मरण पावला, आणि ॲक्सलने तिला त्याच्या थडग्यावर जाऊ दिले नाही. विस्मृतीमुळेच जुन्या जखमा भरून येण्यास अवधी मिळाला असावा, असे ॲक्सल सुचवतो, आणि त्यात तथ्यही आहे. तरीही माझ्या लेखी बिॲट्रिसच्या चुकीपेक्षा त्याने घातलेली ती बंदी कितीतरी अधिक क्रूर आहे, आणि धुक्याचा खरा लाभ तिच्यापेक्षा त्यालाच झाला.