६८ किलोमीटर आणि पाठीमागचं आभाळ

हँग ग्लायडरने लांबचा पल्ला गाठायचा होता आणि सकाळचा हवामानाचा अंदाज उत्तम होता. वारा पश्चिमेचा, ताशी १२ ते १५ किलोमीटर. कमाल तापमान ३२ अंश, दवबिंदू १६. या दोन आकड्यांच्या फरकाला १२५ ने गुणलं की क्युम्युलस, म्हणजे कापसाच्या ढिगासारख्या ढगांचा तळ जमिनीपासून साधारण किती मीटरवर असेल ते कळतं, म्हणजे इथे २०००. खाली आणखी एक ओळ होती: दुपारनंतर वायव्येला गडगडाटी ढगांची शक्यता. ती वाचून मी चारपर्यंत उतरायचं ठरवलं. त्या दिवशीची माझी मोठी चूक हीच. ढग अडीचलाच उभे राहिले.

पावणेबाराला टेकडीच्या कड्यावर हँग चेक केला, म्हणजे सोबत्याला ग्लायडरचं नाक धरायला सांगून हार्नेससकट लटकून पाहिलं. कितीही घाई असली तरी हे चुकवू नका. हार्नेस ग्लायडरला अडकवणारं हुक न लावता धावत सुटलेल्यांमध्ये जुनेजाणते पायलटही आहेत.

पहिला थर्मल, म्हणजे वर चढणारा गरम हवेचा झोत, नांगरलेल्या काळ्या रानाच्या कडेला सापडला. दोन घारी आधीच घिरट्या घालत होत्या, मी त्यांच्याच दिशेने वळलो. व्हेरिओ, म्हणजे चढ-उताराचा वेग सांगणारं आणि चढताना वाजणारं यंत्र, सेकंदाला २ मीटर चढ दाखवत होता. ढगाच्या तळाच्या शंभरेक मीटर खाली, १९०० मीटरला थर्मल सोडला आणि वारा पाठीशी घेऊन पूर्वेला निघालो. माझ्या ग्लायडरची घसरण कागदावर १५ ला १ आहे, म्हणजे १ किलोमीटर उंचीत १५ किलोमीटर अंतर. पण दोन थर्मलमध्ये हवा खाली बसत असते, त्यामुळे मी हिशोब १० चाच धरतो. पहिले ४५ किलोमीटर याच हिशोबाने सुखात गेले.

सरळ जाताना पायलटची नजर पुढच्या ढगावर असते. पालथं झोपून, डोक्यावर हेल्मेट घालून मागे वळून पाहणं अवघडच. थर्मलमध्ये फिरताना मात्र दर फेरीला चारही दिशा आपोआप समोरून जातात. मी त्या वेळी व्हेरिओच्या आवाजात आणि थर्मलचा गाभा शोधण्यात गुंतलो होतो. तिसऱ्या थर्मलमध्ये सहज वायव्येकडे नजर गेली, तर तिथले ढग रुंदीपेक्षा उंचीला जास्त झाले होते. एकाचा माथा पसरायला लागला होता, तळ काळा पडला होता. आता माझा नियम असा: दर तिसऱ्या फेरीला व्हेरिओ विसरायचा आणि वाऱ्याच्या उगमाकडे पाहायचं. फेरी मोठी झाली, थोडी उंची गेली तरी चालेल.

त्या वेळी लगेच खाली यायला हवं होतं. मी आणखी २० किलोमीटर गेलो, कारण समोरचं आभाळ अजून सुंदर होतं. थोड्याच वेळात ढगाच्या पसरलेल्या माथ्याने ऊन झाकलं. जमिनीवरची ढगांची सावली पुसट झाली आणि पुढचे थर्मल एकामागून एक विझले. उंची ८०० मीटर उरली असताना उलटंच घडलं. सरळ उडत असूनही व्हेरिओ वाजायला लागला. हवा गुळगुळीत, कुठे हिसका नाही, आणि चढ ३ मीटरचा. हातातला आडवा बार (बेस बार) छातीखाली ओढून ताशी ७५ चा वेग घेतला तरी चढ थांबेना.

सगळीकडे मिळणारा असा मऊ चढ म्हणजे मेजवानी समजू नका. वादळातून खाली कोसळलेली थंड हवा जमिनीवरून पसरते आणि पुढची गरम हवा उचलत येते. तिची धार वादळापासून वीसेक किलोमीटर पुढेही पोहोचू शकते, म्हणजे डोक्यावर एकही काळा ढग नसताना. मागे, अंदाजे ८ किलोमीटरवर, धुळीची भिंत दिसत होती. मी आग्नेयेला, वादळापासून बाजूला वळलो. त्या चढाच्या कडेला येताच खाली उतरायचं ठरवलं.

मोकळं, कापणी झालेलं शेत निवडलं. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. कोणत्याही दोन खांबांमध्ये तार आहे असंच धरून चाला. एका धुराने वारा दाखवला. जमिनीवरचा वारा आता पूर्वेचा झाला होता, वादळ हवा आत ओढत होतं. सकाळच्या अंदाजावर विसंबून पश्चिमेकडे तोंड करून उतरलो असतो तर वारा पाठीत बसला असता. पाल, म्हणजे पंखाचं कापड, ताणणारा व्हीजी ढिला केला, हार्नेसची झिप उघडून पाय मोकळे केले, जमिनीजवळ येईपर्यंत वेग राखला आणि फ्लेअर, म्हणजे थांबण्यासाठी नाक वर करणारी शेवटची ढकल, पूर्ण जोराने दिला.

हुक काढून ग्लायडर वायव्येकडे वळवला, बेस बार सोडवला आणि ग्लायडर जमिनीवर सपाट पाडला. पाल गुंडाळायला वेळ नव्हता, म्हणून नाकाच्या टोकाजवळ वजन टाकून बसलो. उतरून सहा मिनिटं झाली होती. मग समोरच्या झाडांच्या फांद्या एकदम वाकल्या, धूळ आली आणि हवा झपकन गार पडली. त्या वाऱ्यात ग्लायडर उभा असता तर तो मला हातात धरवला नसता. हवेत असतो तर माझ्या पूर्ण वेगालाही मी मागे ढकलला गेलो असतो.

जीपीएसवर ६८ किलोमीटर. शंभर व्हायला हवे होते असं संध्याकाळी एक सोबती म्हणाला. माझ्या मते ते ४८ वर थांबायला हवे होते, काळा तळ पहिल्यांदा दिसला तिथे.