पांढऱ्या रेघांवरची आमची वाटचाल

योन आणि बव्रों या दोन नद्यांच्या संगमावर वसलेल्या क्लाम्सी या लहान शहरात मी आणि माझे पती 2011 पासून सायकल-सहलींचा व्यवसाय चालवीत आहोत. हे शहर फ्रान्सच्या मध्यभागी, बरगंडीच्या पश्चिम भागातील न्येव्र जिल्ह्यात आहे. आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना आम्ही सायकली देतो, मुक्कामाची घरे ठरवून देतो आणि त्यांचे सामान आमच्या गाडीतून पुढच्या मुक्कामी पोहोचवतो. परंतु या सर्व गोष्टी इतर अनेकजण करतात, आणि कित्येकजण आमच्याहून मोठ्या प्रमाणावर करतात. आम्ही ज्यासाठी वर्षभर राबतो ती गोष्ट वेगळी आहे: ज्या डांबरी रस्त्यावर तासाभरात एखादीच मोटार भेटते, किंवा एकही भेटत नाही, असा रस्ता शोधणे, आणि तो अजूनही तसाच आहे ना याची दर वर्षी स्वतः सायकल चालवून खात्री करणे.

या कामाचे मूळ माझ्या सासऱ्यांच्या एका नकाशात आहे. मी मूळची सांगलीची. शिक्षणासाठी दिजोंला आले, तेथेच लग्न झाले आणि सुट्टीत पतींच्या गावी येणे-जाणे सुरू झाले. सासरे जिल्ह्याच्या रस्ते खात्यात कांतोनिये होते, म्हणजे ठरावीक टापूतल्या रस्त्यांची देखभाल करणारे कर्मचारी. खड्डे बुजवणे, कडेचे गवत कापणे, गटारे मोकळी ठेवणे आणि हिवाळ्यात बर्फावर मीठ टाकणे हे त्यांचे आयुष्यभराचे काम. मिशेलीन कंपनीच्या नकाशात मोठे रस्ते लाल, मधले पिवळे आणि गावोगावचे लहान रस्ते पांढरे दाखवतात. सासऱ्यांच्या घडी मोडून फाटलेल्या नकाशावर या पांढऱ्या रेघांच्या कडेने पेन्सिलीने बारीक नोंदी होत्या: एके ठिकाणी ‘सकाळी दुधाचा टँकर’, दुसरीकडे ‘ऑक्टोबरपासून लाकडाचे ट्रक’, तिसरीकडे ‘पावसानंतर चिखल, शेताचे फाटक’. मी त्यांना विचारले की हे सगळे कशासाठी लिहून ठेवले आहे, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “रस्ता कोणाच्या कामाचा आहे हे कळले, की तो कधी रिकामा असतो तेही कळते.” आमच्या व्यवसायाला यापेक्षा मोठे भांडवल कधीच लाभले नाही.

हे रस्ते इतके निवांत का आहेत, हा प्रश्न प्रत्येक पाहुणा पहिल्याच दिवशी विचारतो, आणि त्याचे उत्तर इतिहासात आहे. 21 मे 1836 च्या कायद्याने फ्रान्समधील प्रत्येक गावावर आपले ग्रामीण रस्ते राखण्याची जबाबदारी टाकली आणि त्यासाठी गावकऱ्यांकडून वर्षातून काही दिवसांची मेहनत किंवा तिच्या बदल्यात पैसे घेण्याची सोय केली. बैलगाड्या, घोडागाड्या, बाजाराचे दिवस, दळणासाठी गिरण्यांकडे होणाऱ्या फेऱ्या, या सर्वांसाठी वाडी वाडीला जोडणारे रस्त्यांचे दाट जाळे त्या शतकात तयार झाले. त्यानंतर माणसे शहरांकडे निघून गेली. 1880 च्या दशकात न्येव्र जिल्ह्याची लोकसंख्या साडेतीन लाखांच्या घरात होती, ती आज दोन लाखांच्या आसपास आहे. लांब पल्ल्याची वाहतूक पॅरिसहून ल्योंकडे जाणाऱ्या महामार्गावर वळली. माणसे कमी झाली, गाड्या दुसरीकडे गेल्या, पण रस्ते राहिले, आणि गावे लहान असली तरी आपला रस्ता डांबरी ठेवण्याची परंपरा त्यांनी सोडली नाही. महाराष्ट्रात वाढलेल्या माझ्यासारखीला याचे नवल वाटते, कारण आमच्याकडे चांगला रस्ता झाला की त्याच्यावरची वर्दळ वाढत जाते, हेच मी लहानपणापासून पाहिले होते.

सुरुवातीला मात्र आम्ही या पांढऱ्या रेघांकडे वळण्याचे धाडस केले नाही. पहिली दोन वर्षे आम्ही पाहुण्यांना निव्हेर्ने कालव्याच्या काठानेच नेत होतो. ओसेरपासून देसीझजवळ ल्वार नदीपर्यंत जाणारा हा 174 किलोमीटरचा कालवा लाकूड पॅरिसला पोहोचवण्याच्या गरजेतून खोदला गेला. त्याआधी मोर्वां या डोंगराळ प्रदेशातील जंगलांचे ओंडके योन नदीत सोडून क्लाम्सीला आणत आणि तेथे त्यांचे तराफे बांधून पॅरिसकडे वाहून नेत. घोडे आणि माणसे ज्या वाटेने बोटी ओढीत, त्याच वाटेवर आज बहुतेक ठिकाणी ‘व्वा व्हेर्त’ आहे. हा शब्द रस्त्यावरील फलकांवर सर्वत्र दिसतो, आणि त्याला कायद्याने अर्थ दिलेला आहे: मोटारींना पूर्ण बंद असलेला, केवळ चालणारे, सायकलस्वार आणि घोडेस्वार यांच्यासाठी राखलेला मार्ग. 2004 च्या सप्टेंबरमध्ये वाहतूक नियमांत ही व्याख्या आली. पण असा मार्ग त्याच्या आधीच, 1997 मध्ये, शेजारच्या सोन-ए-ल्वार जिल्ह्यात जिव्री ते क्ल्युनी या बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर तयार झाला होता. व्यवसाय सुरू करण्यापूर्वी आम्ही दोघे तो मार्ग पाहून आलो होतो. त्याच्या दक्षिणेकडील बोगदा दीड किलोमीटरहून लांब आहे आणि वटवाघळांची शीतनिद्रा मोडू नये म्हणून तो हिवाळ्यात बंद ठेवतात, हे ऐकल्यावर सायकलीसाठी इतक्या विचाराने रस्ता राखता येतो याचा मला मनापासून आनंद झाला होता.

कालव्याकाठची वाट सपाट, सुरक्षित आणि फार देखणी आहे. सार्दी गावापाशी सुमारे साडेतीन किलोमीटरमध्ये एकामागोमाग एक 16 लॉक आहेत, म्हणजे बोटी पायरीपायरीने चढवणारे दरवाजे. त्यांतील अनेकांशेजारी ते उघडणाऱ्या माणसाचे लहानसे घर आहे, आणि घराच्या भिंतीवरील पाटीवर पुढच्या व मागच्या लॉकचे अंतर लिहिलेले असते. तरीही तिसऱ्या वर्षी आम्हाला पाहुण्यांकडून दोन गोष्टी वारंवार ऐकू येऊ लागल्या. एक म्हणजे काही टप्प्यांवर वाट मातीची व खडीची असल्याने बारीक टायरच्या रोड सायकली तेथे चालत नाहीत. आणि दुसरी म्हणजे दोन दिवस सपाट वाटेवर पाण्याशेजारून गेल्यावर टेकडीपलीकडची गावे, चर्च, शेते आणि माणसे पाहण्याची ओढ लागते. तेव्हा सासऱ्यांचा नकाशा आम्ही टेबलावर पसरला.

क्लाम्सीहून वेझले या टेकडीवरील जुन्या तीर्थक्षेत्राला जाणारा सरळ रस्ता सुमारे 25 किलोमीटरचा आहे आणि त्यावरून मोटारी वेगाने जातात. आमचा मार्ग तेथे पोहोचायला याहून बराच लांबचा फेरा घेतो, पण त्यातील बहुतेक अंतर पांढऱ्या रेघांवरचे आहे. हा एक मार्ग बसवायला आम्हाला संपूर्ण वसंत ऋतू लागला. मोठा रस्ता ओलांडावाच लागतो तेथे दोन्ही बाजूंनी पुरेसे दूरवर दिसते का, उतारावरून खाली येताना वळणावर शेताचा चिखल सांडलेला असतो का, भाजलेला पाव मिळण्याचे पुढचे ठिकाण किती अंतरावर आहे आणि ते सोमवारी बंद असते का, हे सारे वहीत उतरवावे लागले. लहान गावांतील दुकाने दुपारी दोन-तीन तास बंद राहतात आणि रविवारी दुपारनंतर बहुतेक ठिकाणी काहीच मिळत नाही. त्यामुळे रिकाम्या रस्त्याबरोबर रिकामी बाटलीही येऊ शकते. येथील जुने सायकलस्वार पाणी हवे असल्यास गावाच्या दफनभूमीकडे वळतात, कारण फुलझाडांना घालण्यासाठी तेथे नळ असतोच. आम्ही पाहुण्यांना तो नळ दाखवतो, पण त्यावर पाणी पिण्यायोग्य नसल्याची सूचना आहे का हे आधी वाचावे, असेही बजावतो.

2013 च्या जुलैमध्ये घडलेली घटना मी विसरू शकत नाही, आणि तिची जबाबदारी आमचीच होती. उन्हाळ्यात लहान रस्त्यांवर डांबर फवारून त्यावर बारीक खडी पसरतात आणि ती दाबण्याचे काम येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांच्या चाकांवर सोपवतात. जेथे वाहनेच कमी, तेथे ही खडी आठवडेच्या आठवडे मोकळी पडून राहते. म्हणजे आम्ही निवांतपणासाठी निवडलेला रस्ताच सायकलीसाठी सर्वांत धोक्याचा ठरतो. आम्ही तो मार्ग मे महिन्यात तपासला होता आणि तो उत्तम होता. जुलैत सहा जणांचा एक परिवार उताराच्या शेवटी वळणावर त्या खडीवर आला आणि त्यांतील आईची सायकल घसरून तिच्या खांद्याजवळचे हाड मोडले. सासरे त्या दिवशी रागावले नाहीत, त्यांनी नकाशावर बोट ठेवून विचारले, “ही नोंद दिसली नाही का?” तेथे पेन्सिलीने ‘जुलै, खडी’ असे लिहिलेले होते. त्यानंतर आम्ही नियम केला की कोणताही गट निघण्यापूर्वीच्या दहा दिवसांत आमच्यापैकी एकाने त्या मार्गावर सायकल चालवलेली असलीच पाहिजे. या नियमामुळे आम्ही किती गट घेऊ शकतो यावर मर्यादा पडली आणि ती आम्ही आजवर वाढवलेली नाही.

मुक्कामासाठी आम्ही ‘शांब्र दोत’ म्हणजे गावकऱ्यांच्या राहत्या घरांतील खोल्या घेतो. कायद्याने अशा घरात पाचपेक्षा जास्त खोल्या आणि पंधरापेक्षा जास्त माणसे ठेवता येत नाहीत, त्यामुळे आमचे गट आपोआपच लहान राहतात. पर्यटन व्यवसायाची अधिकृत नोंद, पाहुण्यांचे पैसे सुरक्षित राहावेत म्हणून द्यावी लागणारी आर्थिक हमी आणि दायित्वाचा विमा, ही कागदपत्रे पूर्ण करताना पहिल्या वर्षाची बचत संपली. पण पुढे प्रसंग आला तेव्हा याच विम्याने आम्हाला तारले. मधल्या काळात एका मोठ्या प्रवासी कंपनीने आमच्याशी बोलणी केली, मार्गांचे तपशील मागून घेतले आणि पुढच्या हंगामात तेच मार्ग स्वतःच्या नावाने विकले. त्याचे दुःख झाले. पण त्यांच्या गटांना ऑक्टोबरमध्ये मोर्वांच्या चढांवर लाकडाचे ट्रक भेटले, असे मुक्कामाच्या घरमालकिणीने आम्हाला सांगितले, तेव्हा रेघ नकलून घेता येते, नोंद नाही, हे आम्हाला उमगले.

17 मार्च 2020 रोजी टाळेबंदी सुरू झाली आणि काही दिवसांतच फिरण्यासाठी वा व्यायामासाठी घरापासून एक किलोमीटरपलीकडे जाण्यास बंदी आली. सर्व आगाऊ नोंदण्या रद्द झाल्या. 11 मे पासून सरकारने जुन्या सायकली दुरुस्त करण्यासाठी प्रत्येक सायकलीमागे 50 युरोपर्यंतची मदत देऊ केली, आणि आमच्या लहान वर्कशॉपसमोर गंजलेल्या चेन व फुटलेल्या ट्यूबच्या सायकलींची रांग लागली. त्या कामावर आम्ही ते वर्ष काढले. शिवाय, आजवर केवळ परदेशी पाहुण्यांना दाखवलेले रस्ते आम्ही त्या उन्हाळ्यात प्रथमच आमच्या शेजाऱ्यांना दाखवले.

महाराष्ट्रातून पाहुणे येऊ लागले ते पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस या 1200 किलोमीटरच्या, 90 तासांत पूर्ण करायच्या सायकलयात्रेमुळे. दर चार वर्षांनी ऑगस्टमध्ये होणाऱ्या या यात्रेला 2019 आणि 2023 मध्ये भारतातून शेकडो सायकलस्वार आले, आणि त्यांतील काही मराठी मंडळींनी यात्रेनंतर कुटुंबासह आमच्याकडे आठवडा काढला. पॅरिसच्या बेर्सी स्थानकावरून क्लाम्सीला येणाऱ्या गाडीत सायकली घेता येतात, हे त्यांच्या फार सोयीचे पडते. पुण्याहून आलेले एक काका पहिल्या दिवशी तासभर दर काही मिनिटांनी मागे वळून पाहत होते. मागे कोणीच नव्हते. अखेर एका चढावर त्यांनी पाय टेकला आणि म्हणाले, “वहिनी, कान दुखायचे थांबले.”

भारतीय पाहुण्यांबाबत एक धोका मात्र आम्हाला उशिरा कळला. फ्रान्समध्ये उजव्या बाजूने चालवायचे असते, आणि गर्दीच्या रस्त्यावर समोरची वाहने त्याची आठवण करून देतात. रिकाम्या रस्त्यावर ती आठवण द्यायला कोणीच नसते. झाडाखाली डबा खाऊन निघालेला माणूस सवयीने डाव्या कडेला जातो आणि पुढच्या वळणापर्यंत त्याला ते जाणवतही नाही. म्हणून आता त्यांच्या प्रत्येक सायकलीच्या हँडलवर मराठीत ‘उजवीकडून’ अशी पिवळी पट्टी चिकटवलेली असते. त्याचप्रमाणे, फलक नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते, हेही आम्ही निघण्यापूर्वी अंगणात दोन सायकली उभ्या करून समजावतो.

या पाहुण्यांना आम्ही आवर्जून कालव्याकाठच्या ब्रेव्ह या गावी नेतो. क्लाम्सीत 1866 साली जन्मलेले साहित्यिक रोमाँ रोलाँ यांची समाधी तेथे आहे. गांधीजी, रामकृष्ण परमहंस आणि विवेकानंद यांची चरित्रे त्यांनी फ्रेंच वाचकांसाठी लिहिली, हे ऐकल्यावर मराठी पाहुणे तेथे बराच वेळ थांबतात.

सासरे आता सायकल चालवत नाहीत. एप्रिलमध्ये तपासणी सुरू झाली की ते सामानाच्या गाडीत पुढे बसतात, काच खाली करतात आणि डांबराचा रंग पाहून कोणत्या रस्त्यावर यंदा खडी पडेल याचा अंदाज सांगतात. मागून सायकलवर येणारी मी तो वहीत लिहून घेते. फाटलेला मूळ नकाशा आम्ही दोन वर्षांपूर्वी जाड कागदावर चिकटवून घेतला, आणि त्याच्या शेजारी नव्या नकाशावर माझ्या अक्षरात नोंदी सुरू झाल्या आहेत. त्यांतील काही मराठीत आहेत, कारण चढावर थांबून घाईने लिहिताना हात आपोआप त्याच लिपीकडे वळतो. 2027 च्या ऑगस्टमधील यात्रेनंतरच्या आठवड्यांसाठी आम्ही मोर्वांच्या उत्तर उतारावरून एक नवा मार्ग बसवीत आहोत. त्यातील दोन ठिकाणी लाकडाचे ट्रक नेमके कोणत्या वारी बाहेर पडतात, हे अजून आम्हाला लाकूड कापणाऱ्या गिरणीवाल्यांकडून समजून घ्यायचे आहे.