वाजवून घेतलेला लॅपटॉप

मावशीचा जुना लॅपटॉप काही बिघडला नव्हता. २०१७ साली ती सरकारी कचेरीतून निवृत्त झाली, तेव्हा फंडाच्या पैशातून घेतलेला. बिजागरी एकदा बदलली, बॅटरी दोनदा, बाकी गडी ठणठणीत. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची देखभाल थांबली. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो आणि मावशीचा होता सहावीतला.

"मला निदान अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी पाठवलं," ती म्हणाली, "ह्याला आठव्याच वर्षी."

दिवाळी आटोपल्यावर नवा घ्यायचं ठरलं. बजेट पस्तीस हजार. काम काय, तर डोंबिवलीतल्या चोवीस बिऱ्हाडांच्या सोसायटीची ती सेक्रेटरी आहे. मेंटेनन्सची बिलं एक्सेलमध्ये, सभेचं इतिवृत्त मराठीत आणि रविवारी रात्री टोरंटोच्या नातीशी व्हिडिओ कॉल. निवड करण्याची जबाबदारी घरातला संगणकवाला म्हणून माझ्यावर आली. मी तीन रात्री जागून तक्ता केला.

स्वस्त लॅपटॉप म्हणजे लग्नघरातली काटकसर. पैसे वाचवलेत हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, कुठे वाचवलेत ते पंगतीत बसल्यावर कळतं. मांडव झगमगीत आणि मठ्ठा पाणीदार. दुकानात गिऱ्हाइकाची नजर जाते तिथे, म्हणजे झाकण, जाडी, प्रोसेसरचं नाव यांवर, कंपनी सढळ असते. नजर जात नाही तिथे हात आखडता. माझा तक्ता म्हणजे त्या आखडलेल्या हाताचा शोध होता.

नावांचीच गंमत बघा. रायझन ७३२०यू हा प्रोसेसर. सात हजारांच्या घरातलं नाव, म्हणजे अगदी ताजं वाटतं. त्या नंबरातला पहिला आकडा सांगतो साल, २०२३. तिसरा आकडा सांगतो आतल्या रचनेची पिढी आणि तो आहे दोन, म्हणजे २०१९ साली आलेली झेन २. बरणी नवी, लोणचं मुरलेलं. वाईट नाही, रोजच्या कामाला चालतंही, पण बरणीवरून लोणच्याचं वय ठरवू नये. शिवाय त्याच्यासोबतची रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, बोर्डावरच डकवलेली येते. आज आठ जीबी घेतली की जन्मभर आठ जीबी. म्हणून मी इंटेलचा कोअर आय३-१२१५यू प्रोसेसर आणि रॅमची एक जागा रिकामी असलेलं मॉडेल शोधत होतो. फायली साठवायला ईएमएमसी ही स्वस्त, संथ चिप असेल तर तो लॅपटॉप बघायचाच नाही, वेगवान एसएसडीच हवी, हा एकच मुद्दा मी आवाज चढवून मांडला.

एसएसडीवरून वाद झालाच. खोक्यावर ५१२ जीबी आणि पडद्यावर ४७६. मावशीने चष्मा वर केला. मी समजावलं की कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते आणि विंडोज १०२४ चा १०२४ ने दोनदा गुणाकार करून मोजते. जागा तेवढीच, गज वेगळा.

"कळलं. सुपर बिल्ट-अप सांगायचा आणि कार्पेट द्यायचा."

यापेक्षा चांगलं स्पष्टीकरण मला अजून सापडलेलं नाही.

खरेदी लॅमिंग्टन रोडवरच व्हायला हवी होती. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असलं तरी त्याला लॅमिंग्टन रोडच म्हणतात. घरपोच मागवला असता तर चारपाचशे वाचलेही असते, पण मावशी मडकंसुद्धा वाजवून घेणारी. डोंबिवलीहून दादर, तिथून ग्रँट रोड. तिच्या पर्समध्ये सोसायटीच्या हिशेबाचा पेन ड्राइव्ह होता.

दुकानातल्या पोराने "आंटी, ये देखो, एकदम स्लिम" म्हणून एक चंदेरी लॅपटॉप पुढे सरकवला. मावशीने झाकणावर टिचकी मारली. प्लास्टिक. मग एका हाताने झाकण उघडायला गेली तर बूडही वर आलं. तिने तो जिभेवर न ठेवताच परत केलेल्या आंब्यासारखा बाजूला केला. मला तो आवडला होता, हे मी बोललो नाही.

दुसऱ्यावर मात्र ती बसली. खरोखर स्टूल मागून बसली. मावशीने उमेदवारीच्या काळात मराठी टायपिंगची चाळीस शब्दांची सरकारी परीक्षा टाइपरायटरवर दिलेली. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत इन्स्क्रिप्टवर, म्हणजे संगणकाच्या मराठी कळरचनेवर, बोटं वळवली. "मराठी कीबोर्ड लावून दे," ती म्हणाली. पोराने सेटिंग्जमध्ये जाऊन लावला, दोन मिनिटांचं काम. मग तिने टाइप केलं: 'सोसायटीच्या गच्चीवर वाळवण घालू नये. तऱ्हेवाईक तक्रारींची दखल घेतली जाणार नाही.'

मला वाटलं ती गंमत करते आहे. पण 'ळ'ला शिफ्ट दाबून एन लागतो आणि 'ऱ'ला शिफ्ट दाबून जे. दोन्ही उजव्या हाताच्या तर्जनीखाली, म्हणजे शिफ्ट डाव्या करंगळीने दाबायची. कळफलक मधे खचत असेल किंवा कोपऱ्यातली कळ आळशी असेल, तर 'वाळवण'चं 'वालवण' होतं. हा कळफलक खचत होता. तिसऱ्याचा खचला नाही, 'ळ' पहिल्या दणक्यात उमटला. माझ्या तीन रात्रींच्या तक्त्यात कळफलकाचा रकानाच नव्हता.

पुढे पडदा. दुकानात डोक्यावर पांढऱ्या नळ्या, सगळंच लखलखीत दिसतं. "दारापाशी नेऊन बघू?" पोरगा साशंक झाला, पण मी मशीन उचललं. दुपारच्या उन्हात पडद्यावर आमचेच दोन चेहरे दिसले, एक्सेल नाही. अडीचशे निट्सचा (निट म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) पडदा, आणखी काय होणार? भगवा रंग तर पाण्यात विरघळलेल्या हळदीसारखा. तिथे उभ्या उभ्या मला २००७ सालचा 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' योजनेचा तो हिरवा-पांढरा लॅपटॉप आठवला. जगातल्या गरीब मुलांना शंभर डॉलरात संगणक द्यायचा असा संकल्प होता. आपल्या कर्जत तालुक्यातल्या धनगरवाड्यावरच्या एका शाळेत त्याचा प्रयोग झाला होता. शंभर डॉलर काही जमले नाहीत, किंमत दोनशेच्या आसपास गेली. पण त्याचा पडदा भर उन्हात वाचता यायचा, कारण ज्या पोरांसाठी तो केला ती झाडाखाली बसणार हे करणाऱ्यांनी धरलेलं होतं. डोंबिवलीवरून कर्जत लोकल जाते, पण ती अक्कल काही उलटी आली नाही.

"मी उन्हात बसून बिलं करत नाही," मावशी म्हणाली, आणि विषय संपला. तिचं टेबल भिंतीकडे तोंड करून आहे, खिडकी डावीकडे. तेवढ्यासाठी महागडा पडदा घ्यायला ती तयार नव्हती, आणि तिचं बरोबर होतं.

पेन ड्राइव्हवरची हिशेबाची फाइल चटकन उघडली, कॅमेऱ्यात चेहरा राखाडी दिसला ("नातीला माहीत आहे मी कशी दिसते"), आणि तेहेतीस हजार पाचशेला सौदा ठरला. माउस फुकट, बॅग घासाघीस करून.

राहिली बॅटरी. खोक्यावर ४२ वॉट-तास. मी गणित मांडलं: सात वॉटच्या आसपास खाल्ले तर सहा तास. मावशीने भलतंच गणित केलं. विजेचं एक युनिट म्हणजे हजार वॉट-तास, तेव्हा थोडी गळती धरली तरी एका युनिटात हा वीस वेळा भरतो. सोसायटीच्या पंपाशी तुलना करून ती बेहद्द खूश झाली.

परवा डोंबिवलीला गेलो होतो. लॅपटॉप टेबलावर, खाली जुन्या लुगड्याची घडी. मनगटाच्या जागी कंपनीचा स्टिकर अजून तसाच होता: 'बॅटरी १० तासांपर्यंत'. त्यातल्या दहावर निळ्या पेनने आडवी रेघ मारलेली, खाली बारीक अक्षरात '५ ता. ४० मि.', आणि बाजूला, कचेरीत खाडाखोड केल्यावर करायची तशी, मावशीची छोटी सही.