किलो, चौरस मीटर आणि हवा: आमची वाटचाल

आमच्या पत्राकामाच्या फर्मची वाटचाल सालांच्या हिशेबाने सांगण्यापेक्षा बिल कशावर होत गेलं त्या हिशेबाने सांगितली तर लवकर समजते. माझ्याआधी धंदा सांभाळणाऱ्या अण्णांच्या काळात बिल किलोवर व्हायचं. माझ्या हातात धंदा आल्यावर ते चौरस मीटरवर आलं. आता, समोरचा तयार असेल तर, आम्ही ठरलेल्या जागी ठरलेली हवा पोचवण्याचे पैसे घेतो. मधल्या काळात गाळे बदलले, मशिनं आली, माणसं वाढली. ते सगळ्यांचंच होतं.

अण्णांचं दुकान पुण्यात, पेठेत. धान्याच्या कोठ्या, ट्रंका, पावसाळ्याआधी पन्हळी, उन्हाळ्याआधी कूलरच्या बॉड्या. पलीकडे तांबट आळीत तांब्यावर ठोके पडायचे, आमच्याकडे पत्र्यावर. हत्यारं म्हणजे कात्री, लाकडी हातोडा आणि कड मुडपायला रेल्वे रुळाचा तुकडा. नव्वदच्या दशकात कारखान्यांची कामं मिळू लागली तसे आम्ही भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात आलो. मशीनचे गार्ड, चिप ट्रे, हॉपर, वेल्डिंगचा धूर ओढणारे हूड. माल काट्यावर चढवायचा, वजन गुणिले दर, विषय संपला. भांडणाला जागाच नसायची. पण काट्याला अक्कल दिसत नाही. तीच वस्तू कमी पत्र्यात आणि तितकीच दणकट करून दिली की बिल आपलंच घटायचं. अण्णा तरीही तशीच करून द्यायचे. गिऱ्हाईक परत यायचं हे खरं, पण पैसे कमीच मिळायचे हेही खरं.

हिंजवडीत आयटी पार्क उभं राहू लागलं आणि आम्ही एसीच्या डक्टिंगकडे वळलो. एक टन कूलिंगमागे ढोबळ ४०० सीएफएम, म्हणजे मिनिटाला ४०० घनफूट, हवा फिरवावी लागते; शेकडो टनांच्या इमारतीत ती हवा नेणारे पत्र्याचे बोगदे किती लागत असतील याचा अंदाज करा. मोठे एसी कॉन्ट्रॅक्टर मशिनरी बसवायचे आणि डक्टचं काम आमच्यासारख्यांना द्यायचे. इथे मोजमाप चौरस मीटरवर: डक्टचा घेर गुणिले लांबी. फ्लँजमध्ये, म्हणजे दोन तुकडे जोडायच्या कडेत, गेलेला पत्रा, कापताना उरलेल्या पट्ट्या, यांचं काही मिळत नाही. ते दरातच धरायचं. कोणत्या मापाला किती जाड पत्रा हे आयएस ६५५ या भारतीय मानकात दिलेलं आहे. मोठी बाजू ७५० मिमीपर्यंत असेल तर २४ गेज, म्हणजे ०.६३ मिमी, १५०० पर्यंत २२ गेज, म्हणजे ०.८० मिमी, २२५० पर्यंत २० गेज, म्हणजे १ मिमी, त्यापुढे १८ गेज. आमच्या गाळ्यात हा तक्ता भिंतीवर ऑइलपेंटने रंगवलेला आहे. नवीन पोऱ्याला पहिल्या आठवड्यात तो पाठ करावा लागतो.

चौरस मीटरची गंमत एका उदाहरणाने सांगतो. ६०० बाय ६०० चा डक्ट आणि १२०० बाय ३०० चा डक्ट, दोन्हींचं तोंड सारखंच, ०.३६ चौरस मीटर. पण पहिल्याचा घेर २.४ मीटर, दुसऱ्याचा ३ मीटर. शिवाय दुसऱ्याची बाजू ७५० च्या वर गेली, म्हणून २२ गेज. मीटरमागे पहिल्याला साधारण १२ किलो पत्रा लागतो, दुसऱ्याला जवळजवळ १९ किलो. एवढा जादा पत्रा घालूनही चपट्या डक्टमध्ये हवेला घर्षण जास्त, म्हणजे हवा ढकलणाऱ्या ब्लोअरवर ताणही जास्त. मग चपटा डक्ट का काढतात? कारण आर्किटेक्टने फॉल्स सीलिंग आणि बीम यांच्यामध्ये वीतभर जागा सोडलेली असते, आणि त्याच वीतभर जागेतून स्प्रिंकलरचा पाइप आणि केबल ट्रेसुद्धा जायचे असतात. साइटवर पहिला पोचेल त्याची जागा, उरलेल्यांनी वळसे घ्यायचे. प्रत्येक वळशाने हवा अडते आणि डक्टवाल्याचं बिल वाढतं. म्हणजे वाईट ड्रॉइंगवर डक्टवाला जास्त कमावतो. बीमला धरून सरळ लाइन जाईल असं सुचवलं तर आपल्याच बिलाला कात्री. या धंद्यातले बरेच लोक ड्रॉइंगकडे बोट दाखवून गप्प बसतात, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. सल्ल्याचे पैसे त्यांना कोणी देत नाही.

नावं ठेवतो ती हलका पत्रा वापरणाऱ्यांना. ०.६३ च्या जागी ०.५५ चा पत्रा लावला तर मालात १२-१३ टक्के वाचतात, आणि मोजमाप क्षेत्रफळावर असल्यामुळे बिलात एक पैसा फरक पडत नाही. इन्सुलेशन चढलं, सीलिंग बंद झालं की कोणाला दिसणार? दिसत नाही, पण ऐकू येतं. ब्लोअर सुरू होताना आणि बंद होताना डक्टची पोटं फुगतात-बसतात आणि डबा वाजल्यासारखा आवाज होतो. पत्र्याला गंजापासून वाचवणाऱ्या जस्ताच्या थराचंही तसंच: १२० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) आणि २७५ जीएसएम नव्या पत्र्यावर डोळ्याला सारखेच वाटतात, किनाऱ्याजवळच्या साइटवर काही पावसाळ्यांनी कळतं. आम्ही प्रत्येक लॉटबरोबर पत्रा बनवणाऱ्या कारखान्याचं टेस्ट सर्टिफिकेट देतो आणि साइट इंजिनिअरच्या हातात मायक्रोमीटर देऊन म्हणतो, कुठलाही तुकडा उचला. यामुळे कामं मिळतात असा समज करून घेऊ नका. दर जास्त म्हणून जातातही. पण ज्यांनी एकदा वाजणारा डक्ट ऐकलाय ते मायक्रोमीटर बघून दराबद्दल कमी बोलतात.

तिसऱ्या पायरीवर आम्हाला आणलं ते हॉस्पिटलच्या कामांनी. ऑपरेशन थिएटरला किती चौरस मीटर डक्ट लागला याच्याशी डॉक्टरांना देणंघेणं नसतं. हॉस्पिटलांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे थिएटरमधली हवा तासाला किमान २० वेळा बदलायला हवी, त्यातली ४ वेळा बाहेरची ताजी, अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरमधून आलेली, आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त. हे झालं तर काम झालं, नाही तर नाही. पिंपरी-चिंचवडमधल्या एका छोट्या हॉस्पिटलचं काम आम्ही एकरकमी घेतलं आणि तिथे पहिल्यांदा ड्रॉइंगही आमचं होतं. एकरकमी कामात मीटरभर डक्ट वाचला तर तो आमच्या खिशात. त्यामुळे अण्णांची जुनी सवय पहिल्यांदा फायद्याची ठरली.

अशा कामात खरा वेळ डक्ट टांगण्यात जात नाही, हवा वाटण्यात जातो. जवळच्या डिफ्युझरला, म्हणजे खोलीत हवा सोडणाऱ्या तोंडाला, धो धो आणि शेवटच्याला फुंकरभर, ही सगळ्या साइटची तक्रार. सोपा इलाज म्हणून ब्लोअरचा वेग वाढवतात. पण हवा १० टक्के वाढवायची तर ब्लोअरची वीज साधारण ३३ टक्के वाढते, आणि ते बिल मालक पुढे वर्षानुवर्षं भरतो. म्हणून आधी गळती बघायची: जोडांना सीलंट, कोपऱ्यांना गॅस्केट, इन्सुलेशनच्या आधी धुराची चाचणी. मग प्रत्येक फांदीचा डॅम्पर, म्हणजे हवा कमी-जास्त करणारी झडप, थोडा थोडा फिरवत, तोंडाशी हवा मोजत, पुन्हा पहिल्यापासून. रटाळ काम आहे. संध्याकाळी साइट रिकामी झाल्यावरच नीट होतं, कारण दिवसा कोणी ना कोणी दारं उघडी टाकतं.

माणसांबद्दल. आमचे उस्ताद उत्तर प्रदेशातले, अण्णांच्या वेळेपासूनचे. चौकोनी डक्टपासून गोल तोंडाकडे जाणारा तिरका तुकडा ते पत्र्यावर खडू आणि कंपास घेऊन उलगडून काढायचे. कापून मुडपला की जोड बरोबर जुळणारच. आता ते काम सॉफ्टवेअर करतं आणि प्लाझ्मा मशीन कापतं. आयटीआयचा शीट मेटल वर्करचा एक वर्षाचा कोर्स केलेली मुलं येतात, त्यांना ड्रॉइंग वाचता येतं, पण साइटवर बीम ड्रॉइंगपेक्षा चार बोटं खाली निघाला की अजून उस्तादांनाच फोन जातो. २०२० च्या लॉकडाउनमध्ये सगळे गावी गेले, उस्ताद गाळ्यातच राहिले. हॉस्पिटलांना विलगीकरणाच्या खोल्या तातडीने हव्या होत्या, तिथे उलटा हिशेब, आत दाब कमी ठेवायचा. उस्ताद, मी आणि भाचा अशा तिघांनी ती कामं उरकली. पुढच्या वर्षी पोलादाचे भाव असे चढले की तेव्हापासून आमच्या कोटेशनवर मुदत सात दिवसांची असते. त्यावर आजही लोक नाक मुरडतात.

पैशांचं खातं हिच्याकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे आहे, आणि फर्म टिकली त्यात माझ्या पत्र्याइतकाच तिच्या वहीचा हात आहे. आमच्या धंद्यात ऑर्डर मिळणं सोपं, वसुली अवघड. काम चालू असतानाच रनिंग बिल लावायचं, संयुक्त मोजमाप व्हायचं, मग ते बिल टेबलाटेबलावर फिरायचं. ५ ते १० टक्के रिटेन्शन म्हणून, म्हणजे कामाच्या हमीपोटी, अडकतात, ते वर्षभरानंतर, आणि तोवर तिथला इंजिनिअर नोकरी बदलून गेलेला असतो. इकडे बिलावरचा १८ टक्के जीएसटी मात्र पैसे येवोत न येवोत पुढच्या महिन्यात भरावाच लागतो. छोट्या उद्योगांसाठीचा एमएसएमईडी कायदा २००६ चा. ४५ दिवसांत पैसे द्या, नाही तर बँक दराच्या तिप्पट व्याज. व्याज मागायला गेलात तर पुढची चौकशी येत नाही, म्हणून कोणी मागत नाही. आकारणी वर्ष २०२४-२५ पासून आयकरात तरतूद आली की सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही. मार्च महिन्यात आता फोन उचलले जातात, एवढा फरक पडला. एका मोठ्या कंत्राटदाराने आमच्याकडे "उद्यम नंबर बिलावर टाकू नका" अशी विनंती केली होती, म्हणजे आम्ही लघुउद्योग आहोत हे दाखवणारा नोंदणी क्रमांक. हिने शांतपणे ठळक अक्षरात टाकला. तिचा नियम साधा आहे: पत्रा खरेदीपुरता अ‍ॅडव्हान्स आल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही. या नियमापायी मी डोळ्यांदेखत मोठी कामं जाऊ दिली आहेत. त्यातल्या काही कामांवर दुसऱ्यांचे पैसे अजून अडकलेले आहेत.

डक्टिंगचं काम सगळीकडे वाढतंय असंही नाही. छोट्या ऑफिसांनी व्हीआरएफ आणि कॅसेट युनिट, म्हणजे खोलीतच बसणारे एसी, घेतली, तिथे तांब्याचे पाइप लागतात, पत्रा जवळजवळ नाही. फोमचे तयार इन्सुलेटेड डक्ट आले, कापडी डक्ट आले. आमच्याकडे राहिलं ते हॉस्पिटल, औषध कारखाने, स्वयंपाकघरांचे एक्झॉस्ट, बेसमेंट पार्किंगचं व्हेंटिलेशन. मला त्याचं वाईट वाटत नाही. नुसत्या दरावर मारामारी होती ती कामं गेली.

सध्या घरात वाद चालू आहे तो ऑटो डक्ट लाइनचा, म्हणजे डक्ट आपोआप कापून मुडपणाऱ्या मशीनचा. भाचा म्हणतो घ्या. ८ बाय ४ फुटांच्या शीटमधून १.९ मीटर घेराचा डक्ट कापला की अर्ध्या मीटरची पट्टी उरते. कॉइलवर, म्हणजे पत्र्याच्या मोठ्या गुंडाळीवर, घेराएवढंच कापता येतं, सरळ डक्टमध्ये वाया जवळजवळ काही जात नाही, आणि फ्लँजही मशीनच काढतं. बरोबर आहे. पण कॉइल काही टनांची, ती उचलायला क्रेन हवी, क्रेनला उंच शेड हवी, आणि आमच्या गाळ्याचं छत जेमतेम. म्हणजे मशीनच्या कर्जावर चाकणला जागेचं भाडं. हिने कागद मांडला: महिन्याला किती चौरस मीटर निघाले तर हप्ता निघेल, आणि त्यातले किती चौरस मीटर वेळेवर पैसे देणाऱ्यांचे आहेत. दुसरा आकडा अजून पहिल्याच्या खाली आहे. दिवाळीनंतर पुन्हा कागद मांडायचा ठरलंय.