आधी पाणी काढ

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा फोन आला आणि डोळ्यांपुढे उभे राहिले ते भूगोलाचे सर. कोणते, हे धारावी कोळीवाड्यात कुणाला सांगावं लागणार नाही. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये, पण मला दुसरं काही सुचतच नाही.

सातवीत सरांनी परिसराचा नकाशा काढायला लावला. आम्ही सगळ्यांनी आधी रस्ता काढला. सर म्हणाले, "पुसा. आधी पाणी काढा." मग ओहोटीची वेळ बघून खाडीवर घेऊन गेले. तिथून गावाकडे तोंड करून उभं केलं आणि विचारलं, "गल्ल्या कुठे उतरतायत?" जुन्या गल्ल्या खाडीकडेच उतरत होत्या. जाळी, होडीचं सामान, म्हावऱ्याच्या पाट्या, सगळं डोक्यावरून याच वाटांनी यायचं. घरं एकमेकांना चिकटून, मोकळी जागा तेवढी जाळी सुकवायला. एवढं सांगताना सरांची एक चप्पल चिखलात रुतली ती रुतलीच. आम्ही कोपरापर्यंत हात घातले, निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, निघाल्या, चप्पल नाही. सर एका पायात चप्पल घालून शाळेत आले आणि तसाच पुढचा तास घेतला! हेडसरांचा चेहरा अजून आठवतो.

काळ्या किल्ल्यावरचा 1737 चा शिलालेख त्यांनीच वाचून दाखवला. किल्ला खाडीवर पहारा ठेवायला बांधलेला, आज तो बस डेपोच्या आडोशाला आहे. 1845 साली माहीमचा कॉजवे झाला आणि खाडीचं तोंड आवळलं. पुढे पलीकडच्या खाजणात भराव पडून बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, उभं राहिलं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदी घराघरांत शिरली, तेव्हा मला सरांचं 'आधी पाणी' आठवलं.

मी आज सर्व्हेचा व्यवसाय करतो, स्वतःचं ऑफिस आहे. मुलं कॉम्प्युटरवर नकाशे काढतात, पण नाले आणि भरतीची रेघ आधी आखल्याशिवाय मी पुढे जाऊ देत नाही. आपल्या कोळीवाड्याचे दरवाजे मात्र आता रस्त्याकडे उघडतात. खाडीकडे पाठ, मधे लिंक रोड. जाळी सुकवायच्या जागेत माळे चढले. पुनर्विकासाच्या चित्रांत तर मला खाडी शोधावी लागते.

मुख्याध्यापकांना एक विनंती. या वर्षी सातवीला तो नकाशा पुन्हा काढायला लावा. कागद-पेन्सिली माझ्याकडून, आणि मुलांना खाडीवर न्यायला मी स्वतः येईन.